कालप्रवासी मालिकेवरून साहसी खेळ रचताना: आधी काळाचा नियम, मग कोडी, चित्रं सगळ्यात शेवटी

कालप्रवासाच्या मालिकेवरून सुरू केलेले खेळ बहुतेक वेळा एकाच जागी अडतात. यंत्राचं चित्र झकास उतरलेलं असतं, नायक चालायला लागलेला असतो, पहिलं दृश्य खेळताही येत असतं. मग कोणीतरी विचारतं, "भूतकाळात मी हे दार तोडलं, तर वर्तमानात ते तुटलेलं दिसेल का?" याचं उत्तर कोणी ठरवलेलंच नसतं. ठरवायला बसलं की काढून झालेली दहा चित्रं पुन्हा काढावी लागतात आणि उत्साह तिथेच संपतो.

चूक कौशल्याची नसते, क्रमाची असते. साध्या साहसी खेळात क्रम थोडा चुकला तरी निभावतं. कालप्रवासात मात्र एका दृश्यातला बदल पुढच्या प्रत्येक काळात पाझरतो, म्हणून इथे क्रमाला पर्याय नाही. हा लेख एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून करायच्या, साधारण दीड-दोन तास चालणाऱ्या, दृश्यांवर क्लिक करत खेळायच्या खेळासाठी आहे. फक्त मजकुरावर चालणारा खेळ करणार असाल तर चित्रांचा टप्पा गाळा, बाकी सगळं तसंच लागू होतं.

## तयारी: संगणक उघडण्याआधी

हक्क. मालिकेचं नाव, पात्रं, यंत्राचं ठरावीक रूप, शीर्षकसंगीत आणि संवाद कोणाच्या तरी मालकीचे असतात. "मी खेळ फुकट वाटणार आहे" म्हटल्याने परवानगी मिळत नाही. हक्कधारकांनी चाहत्यांसाठी काही नियम जाहीर केले असतील तर ते आधी वाचा, नसतील तर लेखी विचारा. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: मालिकेकडून काळाचा नियम आणि कथेचा बाज घ्या, पात्रं आणि यंत्र स्वतःचं घडवा. काळात मागेपुढे जाण्याची कल्पना कोणा एकाची नाही, पण आत शिरल्यावर प्रचंड मोठी निघणारी निळी पोलीस पेटी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेची आहे. हा निर्णय आजच घ्या. सहा महिन्यांनी पात्रांची नावं बदलायला गेलात तर प्रत्येक संवाद उकरावा लागतो.

पाहणं. मालिका मजेसाठी अनेकदा पाहिली असेल. आता वही घेऊन तीन भाग पाहा: नियम पहिल्यांदा सांगितला जातो तो, नियम मोडला जातो किंवा मोडण्याची वेळ येते तो, आणि सगळी गोष्ट एकाच जागी घडते असा एक. प्रत्येक भागासाठी चार गोष्टी टिपा. कोण प्रवास करू शकतं? सोबत काय नेता येतं? बदल केला तर काय होतं? चूक झाली तर त्याची किंमत कोण मोजतं?

नियम तोडला जातो तो भाग सगळ्यात महत्त्वाचा. नियमाचा खरा आकार तिथेच दिसतो. २००८ मध्ये 'डॉक्टर हू' पॉम्पेईच्या ज्वालामुखीची गोष्ट घेऊन आली, तेव्हा काही घटना अढळ असतात आणि काही बदलता येतात हा भेद तिथे कथेच्या मध्यभागी आला. खेळ रचणाऱ्यासाठी हा भेद सोन्यासारखा आहे, कारण कुठली दारं उघडतात आणि कुठली कधीच उघडणार नाहीत हे तो सांगतो.

साहित्य. एक वही, पोस्टकार्डाएवढे कोरे कागद, भिंतीवर लावता येईल असा मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. पहिले सहा टप्पे एवढ्यावरच होतात.

## टप्पा १: काळाचा नियम एका पानावर लिहा

कालप्रवासाचे नियम ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. तुमची मालिका कुठे बसते ते ठरवा, कारण प्रत्येक प्रकाराची कोडी निराळी असतात.

*अढळ काळ.* जे घडलं तेच घडणार आणि प्रवासीही त्याचाच भाग. 'डार्क' ही जर्मन मालिका या धाग्यावर उभी आहे. १९५३, १९८६ आणि २०१९ ही तिची वर्षं ३३ वर्षांच्या अंतरावर आहेत आणि टाळायला गेलेला माणूसच ती घटना घडवून बसतो. इथे खेळाडू काही 'बदलत' नाही. आधी दिसलेली गोष्ट कशी घडली असेल हे तो शोधतो आणि ती स्वतःच्या हाताने घडवतो. अडचण एकच: खेळाडूने हट्टाने नकार दिला तर? म्हणून भविष्यातल्या खुणा अर्धवट ठेवा. फुटलेली खिडकी दाखवा, कोणी फोडली ते दाखवू नका.

*बदलणारा काळ.* धागा एकच, पण तो ओढला की पुढचं सगळं हलतं. खेळाडूला हे सगळ्यात लवकर कळतं आणि आनंदही यातच सगळ्यात जास्त आहे. १९९३ च्या 'डे ऑफ द टेंटॅकल' या खेळात एकच वाडा तीन काळांत आहे: वर्तमान, २०० वर्षं मागे आणि २०० वर्षं पुढे. भूतकाळात पुरलेल्या पेटीत ठेवलेल्या वाइनचा पुढच्या काळात व्हिनेगर होतो आणि त्या वेळी व्हिनेगरच हवा असतो. काळ स्वतःच साधन होतो, याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

*फांद्या फुटणारा काळ.* प्रत्येक बदलातून नवं जग. मालिकेत हे भव्य वाटतं, छोट्या चमूला मात्र पेलत नाही. करायचंच असेल तर दोनच फांद्या ठेवा आणि शेवटाआधी त्या जोडा.

*फेरा.* तोच दिवस किंवा तीच रात्र पुन्हा पुन्हा. वस्तू उरत नाहीत, फक्त माहिती उरते. इथे पाठ झालेलं एका क्लिकवर ओलांडायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर तिसऱ्या फेऱ्यात खेळाडू उठून जातो.

प्रकार ठरला की या प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरं लिहा:

1. यंत्रातून वस्तू नेता येतात का? पुढे, मागे, की दोन्हीकडे?
2. एका काळातून निघून परत आलो, तर मध्ये तिथे वेळ गेलेला असतो का?
3. प्रवासी स्वतःला भेटू शकतो का?
4. बदल लगेच दिसतो, की पुन्हा त्या काळात गेल्यावर?
5. जुनी आठवण कोणाला राहते?
6. काय कधीच बदलत नाही?

पुढच्या टप्प्यांसाठी मी एकच उदाहरण वापरतो. समजा, आपली गोष्ट एका दीपगृहात घडते. तीन काळ: बांधकाम चालू असतानाचा, तुफानाच्या रात्रीचा आणि इमारत पडीक झाल्यानंतरचा. नियम असा: यंत्रातून वस्तू मागे नेता येते, पुढे नेता येत नाही. पुढे जायचं तर वस्तूने दिवस मोजतच जायचं. हे एक वाक्य लिहिलं आणि निम्मी कोडी आपोआप तयार झाली. वस्तू भविष्यात हवी असेल तर ती जपून ठेवायला हवी, कोणाच्या हाती लागता कामा नये आणि कुजता-गंजताही कामा नये.

तपासा: हे पान मालिका न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. "मग अमुक केलं तर?" असं त्याने विचारलं आणि पानात उत्तर सापडलं नाही, तर पान अपुरं आहे.

सावधान: मालिकेतच नियमांची गल्लत असते. वर्षानुवर्षं अनेक लेखकांनी लिहिलेल्या मालिकेत ती असणारच. सगळे भाग जुळवत बसू नका. खेळाला लागेल तेवढाच नियम घ्या आणि तो कडक पाळा. प्रेक्षक विसंगती माफ करतो, खेळाडू करत नाही, कारण त्याने त्या नियमावर भरवसा ठेवून अर्धा तास डोकं लावलेलं असतं.

## टप्पा २: आकार छाटा

खेळ मालिकेएवढा करू नका, एका भागाएवढा करा. बीबीसीनेही २०१० मध्ये 'डॉक्टर हू'चे साहसी खेळ काढले ते सुटे भाग म्हणूनच.

गणित सरळ आहे. ३ काळ आणि प्रत्येकात ५ जागा म्हणजे १५ दृश्यं. ४ काळ आणि ८ जागा केल्या की ३२. एक काळ आणि तीन जागाच तर वाढल्या, असं वाटतं. काम मात्र दुपटीहून जास्त होतं.

म्हणून जागा एक आणि काळ अनेक. पाच काळांतल्या पाच वेगळ्या शहरांत फिरवण्यापेक्षा एकच जिना तीन काळांत दाखवा. खेळाडूची नजर तयार होते, 'इथे मघाशी कठडा होता' हे त्याचं त्याला लक्षात येतं. पाच शहरांत फिरवलं तर तो प्रवासी राहतो, एका इमारतीत ठेवलं तर तिथला रहिवासी होतो, आणि कालप्रवासाच्या कोड्यांना रहिवाशाचीच नजर लागते.

## टप्पा ३: शेवटापासून मागे या

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मोठा कागद भिंतीवर लावा. तळाशी शेवटची घटना लिहा: *तुफानाच्या रात्री दिवा पेटला.* आता फक्त एकच प्रश्न विचारत वर सरका: यासाठी आधी काय व्हायला हवं?

दिवा पेटायला दोन गोष्टी हव्यात. वरच्या खोलीचं दार उघडायला हवं आणि घाबरलेला दिवेवाला वर चढायला तयार व्हायला हवा. दाराला किल्ली हवी. त्याची किल्ली समुद्रात गेली आहे. दुसरी किल्ली बांधकामाच्या काळात कुलूपवाल्याकडे आहे, पण आपल्या नियमाने ती यंत्रातून पुढे नेता येत नाही. मग ती लपवायची. भिंत बांधताना परांचीच्या वाशांसाठी भोकं ठेवलेली असतात. त्यांतल्या एकात किल्ली ठेवली की गवंडी वरून गिलावा करतो. तुफानाच्या रात्री तिथे गुळगुळीत भिंत आहे आणि दिवेवाला शेजारी बसलेला आहे, तेव्हा भिंत फोडता येत नाही. पडीक काळात गिलावा गळून पडलाय. तिथून किल्ली काढायची आणि यंत्रातून *मागे*, तुफानाच्या रात्री आणायची.

दिवेवाल्याला तयार करायला माहिती हवी. पडीक काळातल्या नोंदवहीत त्या रात्री खडकावर आदळलेल्या जहाजाचं नाव आहे. ते नाव त्याच्यासमोर उच्चारलं की तो उठतो, कारण त्या जहाजावर त्याचा भाऊ आहे.

आता टप्पा १ चं महत्त्व बघा. काळ बदलणारा असेल तर दिवा पेटल्यावर नोंदवहीतली ती नोंद बदलायला हवी आणि शेवटच्या दृश्यात ती दाखवायला हवी. काळ अढळ असेल तर नोंद बदलू शकत नाही. मग वहीचं पान अर्धं फाटलेलं हवं आणि जहाजाचं नाव एवढंच वाचता यायला हवं, म्हणजे ते वाचलं की बुडालं हे शेवटपर्यंत उघड होणार नाही. गोष्ट तीच, वस्तू तीच. नियम बदलला की पानाचं चित्र बदलतं.

प्रत्येक गोष्ट एका चौकटीत लिहा आणि बाणांनी जोडा. झालं की कागदापासून दोन पावलं मागे सरून त्याचा आकार बघा. सगळ्या चौकटी एकाखाली एक सरळ रांगेत असतील, तर खेळाडू एका जागी अडला की त्याचा सगळा खेळ अडला. एका वेळी दोन-तीन वाटा उघड्या हव्यात: किल्ली सुचेना तर तो नोंदवहीकडे वळेल. सगळ्या वाटा पहिल्या मिनिटालाच उघड्या असतील तर उलट गोंधळ उडतो.

तपासा: प्रत्येक कोड्यापुढे विचारा, "हे कालप्रवासाशिवाय सुटलं असतं का?" निम्म्याहून जास्त ठिकाणी उत्तर 'हो' आलं, तर तुम्ही साधा कुलूप-किल्लीचा खेळ केलाय आणि त्यावर मालिकेचं नाव चिकटवलंय.

सावधान: उत्तराआधी प्रश्न दिसायला हवा. खेळाडूला आधी बंद दार दिसू द्या, किल्ली नंतर. बांधकामाच्या काळात तो आधीच पोचला तर किल्ली उगाच खिशात पडते आणि भोकाचा विचार त्याच्या मनात येतच नाही. खेळाची सुरुवात मधल्या काळात करा, हा त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय.

## टप्पा ४: काळाचं खातं मांडा

आडव्या रांगेत काळ, उभ्या रांगेत वस्तू. प्रत्येक चौकोनात ती वस्तू त्या काळात कुठे आणि कशा अवस्थेत आहे ते लिहा.

पितळी किल्ली: बांधकामात चकचकीत, तुफानाच्या रात्री भिंतीत, पडीक काळात हिरवट पुटं चढलेली पण चालणारी. कुलूपवाल्याकडे त्याच दाराची लोखंडी किल्लीही असेल तर ती: खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं राहिली की गंजाचा गोळा. कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, दोर कुजतो, काच तशीच राहते, बी रुजतं. काळ कशाचं काय करतो, हे खेळाडूला ठाऊक असलेलं शास्त्र आहे. ते वापरा, नवं शिकवायला जाऊ नका.

हे खातं मांडताना एक अडचण नक्की सापडेल: एकाच वस्तूच्या दोन प्रती. पडीक काळातून किल्ली काढून तुफानाच्या रात्री आणली. पण त्या रात्री तीच किल्ली भिंतीतही आहे. एक हातात, एक भिंतीत. हे चालेल? आपल्या नियमात चालतं. भिंतीतली तरुण आहे, हातातली म्हातारी. पण खेळाडू आता बांधकामाच्या काळात जाऊन भोकातली किल्ली काढून घेऊ लागला तर? मग हातातली आली कुठून?

यावर चार उत्तरं आहेत. हातातली नाहीशी होते. काढायला गेलं की पात्र नकार देतं. दोन्ही राहतात आणि त्याचंच कोडं होतं. किंवा जगच ती वाट बंद करतं. चौथं मला सगळ्यात नैसर्गिक वाटतं: किल्ली ठेवली की गवंडी गिलावा करून मोकळा होतो, भोक उरतच नाही. नियमाचं व्याख्यान न देता विरोधाभास मिटला. असे गवंडी प्रत्येक कोड्यात शोधा.

तपासा: उगम नसलेली वस्तू खात्यात आहे का? म्हाताऱ्या नायकाने तरुण नायकाला घड्याळ दिलं, आणि तरुणाने म्हातारा झाल्यावर तेच परत दिलं, तर ते बनवलं कोणी? शिवाय प्रत्येक फेऱ्यात ते झिजणार. मालिकेत हे मुद्दाम असेल तर ठेवा, नकळत आलं असेल तर काढा.

## टप्पा ५: बंद गल्ल्या शोधा

बंद गल्ली म्हणजे खेळ चालू आहे, पात्र फिरतंय, पण शेवटाला जाणारी वाटच उरलेली नाही, आणि खेळाडूला त्याचा पत्ता नाही. कालप्रवासी खेळात या गल्ल्या दुप्पट होतात, कारण एका काळातली चूक दुसऱ्या काळात उमगते.

आपल्या उदाहरणात एक लपलेली आहे. खेळाडूने भोकात पितळीऐवजी लोखंडी किल्ली ठेवली आणि गवंड्याने गिलावा केला तर? पडीक काळात गंजाचा गोळा मिळेल आणि पितळीसाठी जागा उरणार नाही. चूक करू न देणं हा एक उपाय, पण मग गंज बघून "अरे, पितळी हवी होती!" असं उमगण्याचा आनंदही जातो. त्यापेक्षा भिंतीला तीन भोकं द्या. किल्ल्या दोनच आहेत, म्हणजे एक चूक पचते आणि ती शिकवूनही जाते.

रीत अशी: परत न फिरवता येणाऱ्या प्रत्येक कृतीवर लाल खूण करा. जाळणं, तोडणं, देऊन टाकणं, पिऊन टाकणं. प्रत्येक लाल खुणेपाशी थांबून ती सगळ्यात चुकीच्या वेळी केली असं समजा आणि कागदावरून बोट फिरवत शेवटाला पोचता येतं का ते बघा. कंटाळवाणं काम आहे, तरी एकही खूण गाळू नका. गाळलेली खूण खेळाडू पहिल्याच दिवशी शोधून काढतो.

## टप्पा ६: कागदावर खेळवा

प्रत्येक दृश्य एका कार्डावर, प्रत्येक वस्तू एका चिठ्ठीवर. टेबलावर तीन काळांच्या तीन रांगा लावा. मित्राला बसवा, तो काय करतो ते सांगेल, तुम्ही चिठ्ठ्या हलवाल. खेळाची भूमिका तुमची, म्हणून तुम्ही फक्त पात्रांच्या तोंडचं बोलायचं. "तिकडे बघ ना" असं म्हणायचं नाही.

एका दुपारी कळतं ते संगणकावर तीन महिन्यांनी कळतं. कोडं सुटत नाही असं दिसलं तर चिठ्ठी फाडून नवी लिहा, खर्च शून्य. निदान तीन जणांबरोबर हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: करडा आराखडा

आता संगणक. दृश्यांवर क्लिक करत खेळायच्या खेळासाठी अॅडव्हेंचर गेम स्टुडिओ हाताशी बसतो, मजकुराच्या खेळासाठी ट्वाइन किंवा इंक, संवादप्रधान चित्रकथेसाठी रेनपाय, आणि सगळं स्वतः बांधायची हौस असेल तर गोडो. सगळे फुकट मिळतात. ज्याचे धडे तुम्हाला समजतात तो घ्या, यावर आठवडा घालवू नका.

दृश्यं करड्या चौकोनांची ठेवा: दार म्हणून एक आयत, माणूस म्हणून एक अंडाकृती. खेळ शेवटपर्यंत खेळता आल्याशिवाय एकही खरं चित्र घालू नका.

रचनेतली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण जवळजवळ सगळे इथे चुकतात. कारण साठवा, परिणाम साठवू नका. खेळाडूने भोकात किल्ली ठेवली की 'पडीक काळात किल्ली आहे' असं लिहून ठेवण्याचा मोह होतो. तसं केलंत तर एकच माहिती दोन ठिकाणी राहते आणि आज ना उद्या त्या दोन्ही भांडतात. त्याऐवजी खात्यात एवढंच लिहा: 'बांधकाम, भोक २, पितळी किल्ली'. खेळाडू पडीक काळातल्या दृश्यात शिरला की खेळाने खातं जुन्या काळापासून नव्या काळाकडे वाचत जावं आणि तिथे काय दिसायला हवं ते त्या क्षणी ठरवावं. मागचं काही बदललं तर पुढचं आपोआप बदलतं, विसरायला काही उरत नाही.

चित्रांनाही हेच लागू. सहा हो-नाही बदलांच्या एकूण ६४ अवस्था होतात. प्रत्येकीचं पूर्ण चित्र काढायचं ठरवलं तर संपलंच. पण प्रत्येक बदल पारदर्शक तुकडा म्हणून मूळ दृश्यावर ठेवला तर सहा तुकड्यांत भागतं. त्यासाठी बदल एकमेकांवर चढणार नाहीत अशा जागी हवेत. एक खिडकीत, एक जिन्यावर, एक भिंतीत. हे नियोजन करड्या आराखड्यातच होतं.

तपासा: सेव्ह करून खेळ बंद करा, उघडा आणि तिन्ही काळांत जाऊन या. खातं, हातातल्या वस्तू आणि खेळाडूचा सध्याचा काळ हे तिन्ही जसंच्या तसं परत यायला हवं.

## टप्पा ८: संवाद आणि इशारे

कालप्रवासाच्या बऱ्याच मालिकांत इशारे देणारं पात्र आयतंच असतं. 'क्वांटम लीप'मध्ये नायक दुसऱ्याच्या आयुष्यात उतरतो, आणि त्याचा मित्र होलोग्रामच्या रूपात येऊन त्या काळाची माहिती आणि कशाची किती शक्यता आहे ते सांगतो. 'डॉक्टर हू'मधली सहप्रवासी प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न विचारते. खेळात वेगळं 'मदत' बटण ठेवण्यापेक्षा ही कामगिरी सोबत्याकडे द्या.

प्रत्येक कोड्याला तीन पायऱ्यांचे इशारे लिहा. पहिल्यात फक्त नजर वळवा: "या भिंतीला भोकं कशाला ठेवली असतील?" दुसऱ्यात दोन गोष्टी जोडा: "आत्ता ठेवलेलं पुढे कोणाच्या हाती लागेल?" तिसऱ्यात जवळजवळ उत्तरच द्या. विचारल्याशिवाय सोबत्याने बोलू नये.

चुकीच्या प्रयत्नांची उत्तरंही लिहा. "हे जमणार नाही" हे वाक्य चाळीस वेळा ऐकलेला खेळाडू विचार करणं सोडून देतो. यंत्रातून वस्तू पुढे न्यायला गेला तर सोबत्याने नियमाचीच आठवण करून द्यावी: "पुढे जायचं तर तिला दिवस मोजावे लागतील."

## टप्पा ९: चित्र आणि आवाज

दृश्यात शिरल्या क्षणी, कुठलाही मजकूर न वाचता, काळ कळायला हवा. रंग, प्रकाशाची दिशा आणि पार्श्वध्वनी हे तीन ठरवा. बांधकामाला सकाळचं ऊन आणि छिन्नीचा आवाज, तुफानाला कंदिलाचा पिवळा उजेड आणि वारा, पडीक काळाला फिकट आभाळ आणि पाण्याची टपटप. फक्त रंगावर विसंबू नका, काही खेळाडूंना रंगांतला फरक दिसत नाही.

कॅमेऱ्याची जागा तिन्ही काळांत एकच ठेवा. खिडकी तिन्ही चित्रांत त्याच ठिकाणी असेल तरच बदललेलं डोळ्यांत भरतं.

## टप्पा १०: चाचणी

दोन गट घ्या: मालिका पाठ असलेले आणि तिचं नावही न ऐकलेले. पहिला गट सांगतो की हे जग त्या मालिकेचं वाटतं का. दुसरा गट सांगतो की नियम खेळातूनच कळतो का. फक्त चाहत्यांकडून तपासून घेतलेला खेळ बाहेरच्याला बहुधा उमगत नाही, कारण चाहता गाळलेली पायरी स्वतःच भरून घेतो.

शेजारी बसा, गप्प राहा, लिहा. तीन गोष्टी टिपा: कुठे थांबला, कुठे तीच वस्तू सगळीकडे लावत सुटला, आणि उत्तर सापडल्यावर "अच्छा!" म्हणाला की "हे कसं सुचणार?" म्हणाला. "हे कसं सुचणार" आलं की इशारा वाढवू नका. आधी कोड्याचा दुवा तपासा, बहुतेक वेळा प्रश्न उत्तरानंतर दिसलेला असतो.

शेवटी मुद्दाम वाकडं खेळणारा एक जण शोधा. त्याला टप्पा ५ मधल्या लाल खुणांची यादी द्या आणि प्रत्येक कृती नको त्या वेळी करायला सांगा. तो अडकला तर त्या क्षणाची सेव्ह फाइल मागून घ्या. नुसत्या आठवणीवरून तो प्रकार पुन्हा घडवता येत नाही, कारण तीन काळांतलं कुठलं कारण आधी घडलं यावरच सगळं अवलंबून असतं. दुरुस्ती झाली की तीच फाइल नव्या आवृत्तीत उघडून बघा, आणि त्यासाठी प्रत्येक सेव्ह फाइलमध्ये खेळाच्या आवृत्तीचा क्रमांक पहिल्यापासून साठवलेला असू द्या.